वैजयंताच्या कड्याची ऊब

डेअरीच्या रांगेत उभं असताना सर्जेराव माने याच्या मनगटावरचं बायकोचं कडं गरम झालं.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. एवढ्या दिवसांत ते कडं कधी गरम झालं नव्हतं. सर्जेरावच्या डाव्या हातात दोन कडी होती, खाली त्याचं आणि वर तिचं. त्याचं स्वतःचं कडं सदा कोमट असे, म्हशीच्या कासेला हात लागावा तसं. त्या कोमटपणावरच तो दिवस ढकलत होता. पण वरचं, वैजयंताचं, आज पहिल्यांदा तापलं होतं.

त्यानं किटली खाली ठेवली आणि बोटानं चाचपून पाहिलं. चूक नव्हती.

पुढं उभी असलेली त्याची चुलती बाळाक्का मागं वळली. "काय रं, मुंगी चावली काय?"

"न्हाई."

"मग सरक की पुढं. माणसं खोळंबल्यात."

सर्जेराव सरकला, आणि कडं आणखी तापलं.

त्या कड्याची गोष्ट अशी. दोन हजार एकतीस सालच्या पुरात कुरणवाडी बुडाली तेव्हा भोंगा वाजला होता, फोनवर निरोप आले होते, तलाठी दारोदार फिरला होता. तरी निम्मं गाव हललं नाही. डेअरीच्या भिंतीवर एकोणीस सालच्या पुराची रेघ चुन्यानं मारून ठेवलेली होती, आणि पाणी त्या रेघेच्या वर जात नाही हे गावात देववाक्य होतं. एकतीसला पाणी रेघेवर दीड हात गेलं. माणसं गेली, जनावरं तर विचारू नका.

पूर ओसरल्यावर विद्यापीठाच्या विस्तार केंद्राची माणसं आली. गाव त्यांना 'विस्तारवाले' म्हणायचं. आधी वाटलं, येतील, फलक लावतील, फोटो काढून जातील. पण त्यांच्यातली अश्लेषा मगदूम नावाची मुलगी परत परत येत राहिली. तिनं लोकांच्या गोठ्यातलं शेण काढलं, भाकरी खाल्ली, आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला: भोंगा ऐकू आला होता, मग उठला का नाहीत? लोक म्हणाले, हातपायच हलंनात. आणि जे वेळेत निघाले ते म्हणाले, अमका शेजारी होता म्हणून निघालो.

विद्यापीठानं ह्या 'अमक्या'चा शोध घेतला. निवांत माणसाचं काळीज घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना ते जरा घाई करतं, सोडताना रेंगाळतं. भीती बसली की हे रेंगाळणं थांबतं, ठोके कवायतीसारखे एकसारखे पडायला लागतात आणि माणूस आहे तिथं खिळतो. अशा वेळी एखादं ठरावीक माणूस नुसतं जवळ येऊन बसलं तरी काळीज पुन्हा रेंगाळायला लागतं. ते माणूस प्रत्येकाचं वेगळं. नवराच असेल, आईच असेल, असं काही नाही. ते कोण, हे ठोके मोजून सांगणारं कडं विद्यापीठानं तयार केलं. त्याला बॅटरी नव्हती, अंगाच्या उबेवरच ते चालायचं. गावानं दोन महिने कडी घातली, कड्यांनी ठोके शिकून घेतले, आणि मग एके दिवशी विस्तारवाल्यांनी ती जागी केली. त्या दिवसापासून तुमच्या माणसाचं कडं जवळ आलं की तुमचं कडं गरम व्हायचं. पुराच्या गडबडीत, अंधारात, पावसात एकमेकांना शोधायचं ते असं.

शेतात आळीपाळीनं राबायला पैरा करतात, तसा हा धीराचा पैरा. गावानं नावही तेच ठेवलं, पैऱ्याचं कडं. नावं कुणी सांगायची नाहीत, कड्यानंच सांगायचं, असा नियम होता, कारण नावांवरून भांडणं होतात. ती तशीही झाली. वीस वर्षं सुनेला शिव्या घालणाऱ्या बाळाक्काचं कडं सुनेपाशीच तापलं, तेव्हा अख्खी गल्ली हसली. बाळाक्का म्हणाली, "चुलीपुढं बसल्यावर तापणारच की." पण तेव्हापासून शिव्या कमी झाल्या.

कडी जागी व्हायच्या आठवडाभर आधी वैजयंता गेली. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती, सांगलीला नेईपर्यंत सगळं संपलं. सर्जेरावनं तिचं कडं परत दिलं नाही. स्वतःच्या हातात घातलं. आणि ज्या दिवशी गावभर कडी जागी झाली, त्या दिवशी त्याचं कडं तिच्या कड्याशेजारी गरम झालं. तो गोठ्यात जाऊन रडला. त्याचं माणूस वैजयंता होती, हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. पण यंत्रानं सांगितलं ते बरं वाटलं. तिचं कडं मात्र थंड होतं. मेलेल्या माणसाचं कडं थंडच असणार, असं तो धरून चालला होता.

तेच कडं आज तापलं होतं.

वैजयंता गेल्यापासून दूध घालायला तो स्वतः आला नव्हता. बाळाक्काचा मुलगा किटली नेत असे. आज तो पुण्याला गेला म्हणून सर्जेराव आला. रांगेतली माणसं दूध घालून एकेक करून गेली. शेवटी सर्जेराव उरला, आणि टेबलाच्या पलीकडं, फॅट काढायच्या मशीनमागं, धनपाल चौगुले. कडं आता असं तापलं होतं की सर्जेरावनं ते बोटानं जरा वर ढकललं.

धनपालनं मान वर केली. त्याची नजर आधी सर्जेरावच्या तोंडावर गेली नाही, हातावर गेली. मग त्यानं मान खाली घातली. त्याचा उजवा हात टेबलाखाली होता. सर्जेराव किटली ओतायला वाकला तेव्हा त्याला दिसलं की धनपालनं उजव्या हातानं डावं मनगट धरून ठेवलंय. घट्ट, डोळे मिटायच्या बेतात. सर्जेराव स्वतः रोज संध्याकाळी गोठ्यात बसून धरायचा, अगदी तसं.

"फॅट सहा-आठ, दादा," धनपाल म्हणाला.

सर्जेराव रिकामी किटली घेऊन बाहेर पडला. कोपरा वळला तसं तिचं कडं निवलं. त्याचं मात्र कोमटच राहिलं. आणि चालता चालता त्याला कळलं की ह्या दोन कड्यांचा अर्थ काय होतो. त्याचं माणूस वैजयंता होती. वैजयंताचं माणूस तो नव्हता.

मत्सराला खाऊ घालावं लागत नाही, तो आपलं आपण शोधून खातो. सर्जेरावला आता सगळं आठवायला लागलं. पाऊस लागला की वैजयंता हटकून स्वतः दूध घालायला जायची. "तुमी ऱ्हावा, मी जाते." डेअरी हाकेच्या अंतरावर, पण परतायला तासतास. घरात पावसाळ्यात गप्प गप्प असायची, डेअरीवरून आली की तोंड मोकळं असायचं. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी केली की एक वाडगं धनपालला जायचं. "एकटा माणूस हाय, कोण करून घालणार?" तो हसून म्हणाला होता, "दे की, आपलं काय जातंय." तो स्वतः म्हणाला होता. हे आठवून त्यानं म्हशीपुढं टाकलेली वैरण पायानं उडवली.

धनपाल पन्नाशीच्या अलीकडचा, लग्न न झालेला. हसला की गालाला खळी पडायची. इतकी वर्षं सर्जेरावनं ती खळी बघितली होती आणि कधी काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळाक्काचा मुलगा परतला, तरी सर्जेराव स्वतःच डेअरीवर गेला. तिसऱ्या दिवशीही. कडं रोज तापायचं. धनपाल त्याचं दूध मुद्दाम सावकाश मोजतो, हे त्याच्या ध्यानात आलं. नळी दोनदा धुवायची, आकडा दोनदा बघायचा. तेवढा वेळ सर्जेरावनं टेबलापाशी उभं राहावं म्हणून. बायको माझी, कडं माझ्या हातात, त्याला लागणारी ऊब माझ्या अंगाची, आणि शेकून घेतोय हा.

एका सकाळी त्याला राहवलं नाही. "काय लेका, हात शेकला काय?"

रांगेत तिघं-चौघं होते. धनपालचा चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, इथं नको."

"मग कुठं? माझ्या घरी ये की. तुला घर ठावं असंलच."

कुणीतरी खाकरलं. बाळाक्कानं सर्जेरावच्या दंडाला धरून बाहेर काढलं आणि डेअरीच्या पायरीवर त्याला सुनावलं. "मेलेल्या बाईची अब्रू डेअरीवर काढतोस? दुधात पाणी घातलंस तरी चाललं असतं, हे नको हुतं."

"तुला ठावं हुतं?"

"काय ठावं असायचंय? पाऊस आला की त्यो पोरगा गार पडायचा. एकतीसला त्याचा भाऊ गेला नव्हं का, वर्धमान. वैजू त्याच्यापाशी बसायची. सगळ्या गावाला ठावं हुतं."

"मला न्हवतं."

"तू म्हशी सोडून कुणाकडं बघितलंस कधी?"

त्या आठवड्यात अश्लेषा मगदूम गावात आली. पावसाळा तोंडावर होता, म्हणून पाणी आलं तर कुणाची जनावरं उंच माळावर कुणाच्या गोठ्यात जायची ते तिला घरोघरी पक्कं करायचं होतं. सर्जेरावच्या घरी पुढच्या सोप्यात ती पाटावर बसली, तसा त्यानं डावा हात तिच्यापुढं धरला.

"हे पुसून टाका."

अश्लेषानं दोन्ही कडी बघितली. तिला सांगावं लागलं नाही. जोड्या विद्यापीठात बसून तिनंच लावल्या होत्या.

"काका, ह्यात प्रेम मोजत नाहीत."

"मग काय मोजता?"

"धीर."

"म्हंजे माझ्यापाशी तिला धीर न्हवता. तीस वर्षं संसार करून."

ती वही चाळू लागली. शिकलेल्या माणसांनी वहीत तोंड घातलं की सर्जेरावला जास्त राग यायचा. "सांगा की. तुमच्या यंत्रात सगळं दिसतंय न्हवं? माझ्याजवळ असताना तिचं काळीज कसं चालायचं?"

"घाईनं," अश्लेषा म्हणाली. मग तिला वाटलं असावं की एवढ्यावर सोडणं बरं नाही. "सगळ्यात जास्त घाईनं तुमच्याजवळच. पण का, ते यंत्राला कळत नाही. रागानं काळीज धावतं, भीतीनं धावतं, जीव लागला तरी धावतं. यंत्राला सगळं सारखंच."

"लई सोयीचं यंत्र हाय."

"पुसायचं तर केंद्रावर न्यावं लागेल. किंवा नुसतं काढून ठेवा, अंगाची ऊब मिळाली नाही की ते झोपतं." ती उठता उठता थांबली. "पण एक सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा. जोडी दोन्हीकडून आहे. धनपालदादांचंही माणूस वैजयंताकाकूच होत्या. दुसरं माणूस शोधायला दोन वेळा मोजणी केली, सापडलं नाही. पाणी आलं तर त्यांना उठवून बाहेर आणणारं गावात कुणी नाही. तुमच्या हातातलं ते कडं सोडून."

"त्याचं मला काय?"

अश्लेषा दाराकडं वळली. दारात चपला घालताना म्हणाली, "तुमच्या म्हशी माळावर नेमू खोतांच्या गोठ्यात जायच्यात. मी लिहून घेते."

ती गेल्यावर सर्जेरावनं वैजयंताचं कडं काढलं. स्वयंपाकघरात फळीवर तिच्या हातच्या चटणीची शेवटची बरणी होती. चटणी केव्हाच संपली होती, पण बरणी त्यानं धुतली नव्हती. कडं त्यात टाकलं आणि झाकण घट्ट फिरवलं.

थोड्या वेळानं त्याचं स्वतःचं कडंही थंड पडलं. हे होणार ते त्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. संध्याकाळी गोठ्यात बसून त्यानं सवयीनं मनगट धरलं, तर हाताला नुसता धातू लागला. वैजयंता दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं, आणि या वेळी तिला त्यानंच घालवलं होतं. त्याचाही राग त्यानं धनपालवरच काढला. दूध घालायला पुन्हा बाळाक्काचा मुलगा जाऊ लागला. तो सांगायचा, धनपाल रोज विचारतो, सर्जेदा बरं हायत न्हवं? सर्जेराव म्हणायचा, सांग मेला म्हणून.

ऑगस्टात पाऊस लागला तो हटेना. धरणाचे दरवाजे उघडले. नदीनं काठची मळी घेतली, मग ऊस घेतला, आणि एका दुपारी विस्तारवाल्यांनी कड्यांवरून इशारा दिला. गावभर मनगटं थरथरली.

एकतीसला जे झालं नव्हतं ते त्या दुपारी झालं. माणसं खिळून बसली नाहीत. जो तो आपल्या माणसाकडं गेला आणि दोघं मिळून निघाले. बाळाक्का सुनेचा हात धरून निघाली, दुसऱ्या हातात देव. शाळेत कधी एका बाकावर न बसलेले दोन भाऊबंद एकाच ट्रॅक्टरवर चढले. जनावरं ठरल्या गोठ्यांत गेली. चुन्याच्या रेघेकडं कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सर्जेरावचं कडं थरथरलं, पण गरम व्हायचा प्रश्न नव्हता. तरी तो निघाला. म्हशी खोतांच्या गोठ्यात बांधल्या आणि माळावरच्या शाळेत आला. एकतीसला म्हशींपायी घर न सोडण्याचा केलेला हट्ट आता उरला नव्हता. हट्ट करायला घरात कुणी ऐकणारं लागतं.

शाळेच्या व्हरांड्यात अश्लेषा जोड्या मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं विचारलं, "धनपालदादा कुठं आहेत?"

कुणी म्हणालं, डेअरी बंद करत होता. कुणी म्हणालं, मी हाक मारली, आलो म्हणाला. फोन वाजत होता, उचलत नव्हता. होडी खालच्या वस्तीवर अडकलेल्यांना आणायला गेली होती, ती यायला वेळ होता. अश्लेषानं सर्जेरावकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता? मी काय त्याचा भाऊ हाय?"

"त्याचा भाऊ त्या पाण्यात गेला," बाळाक्का म्हणाली. मग तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. "वैजूचं कडं कुठाय?"

"घरात."

"घरात म्हंजे पाण्यात."

सर्जेरावच्या डोळ्यांपुढं ती बरणी आली. फळी काही फार उंच नव्हती. तो उठला, डोक्यावर पोतं घेतलं आणि उतरणीला लागला. धनपालसाठी नाही, असं तो स्वतःला बजावत होता. बायकोचं कडं आणायला चाललोय. आपली वस्तू आणायला माणूस जातो.

घराच्या उंबऱ्यावर पाणी आलं होतं. बरणी जागेवर होती. त्यानं कडं काढून हातात घातलं. चटणीचा वास मनगटाला लागला. तो तसाच उभा राहिला, आणि हळूहळू त्याच्या स्वतःच्या कड्यात ऊब आली. इतक्या आठवड्यांनी. त्यानं भिंतीला हात टेकला. मग बाहेर पडला.

माळाकडं जाणारी वाट डेअरीवरूनच होती. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. डेअरीपाशी आला तसं वरचं कडंही तापू लागलं.

तो थांबला. वाट सरळ होती. अजून थोडं चाललं की चढ लागत होता. त्यानं दोनचार पावलं टाकलीसुद्धा. कडं निवायला लागलं. तेव्हा त्याच्या मनात आलं की आता आत वैजयंता असती तर ती पाण्यात उभी राहून विचार करत बसली नसती. ह्या विचारानं त्याला तिचाही राग आला. तो मागं फिरला.

धनपाल मशीनच्या टेबलावर पाय घेऊन बसला होता. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलेली, डोळे समोरच्या भिंतीवरच्या चुन्याच्या रेघेवर. खाली रिकामे कॅन पाण्यात तरंगत एकमेकांवर आपटत होते.

"ऊठ," सर्जेराव म्हणाला.

धनपाल हलला नाही.

"ऊठ म्हंतो न्हवं? मराय बसलाईस काय?" त्याचा आवाज चढला, आणि धनपालची बोटं टेबलाच्या कडेवर आणखी पांढरी झाली. सर्जेरावला ही बोटं ओळखीची वाटली. घरी पाऊस आला की तो असाच ओरडायचा, काय हुत न्हाई, पाणी येत न्हाई, गप पड. आणि वैजयंता अशीच खाटेची कड धरून बसायची.

तो टेबलावर चढून धनपालच्या शेजारी बसला. मनगटाला मनगट लागलं. तिचं कडं चटके बसण्याइतकं तापलं. धनपालनं एक श्वास सोडला.

"ती काय करायची अशा वेळी?" सर्जेरावनं विचारलं. हा प्रश्न तोंडातून काढणं त्याला पाणी तुडवण्यापेक्षा जड गेलं.

धनपालचे ओठ हलले. "म्हशी."

"काय म्हशी?"

"म्हशींची नावं घ्यायची. पहिल्यापास्नं."

सर्जेरावला ती ओळ माहीत होती. खाटेवर बसून ती पुटपुटायची आणि तो म्हणायचा, काय बडबड लावलीस. त्यानं घसा साफ केला. "चंद्री. चंद्रीची काळी. काळीची मोरणी. मोरणीची…" तो अडला. स्वतःच्या गोठ्यातली म्हैस, आणि नाव आठवेना.

"मोरणीच्या दोन," धनपाल म्हणाला. "गुणी आणि बिजली. बिजली एकतीसला गेली."

"तुला माझ्या म्हशी पाठ हायत."

"ऐकून ऐकून झाल्यात, दादा."

"मग गुणीची?"

"गुणीची शेवरी. शेवरी आता गाभण हाय." धनपालनं टेबलाची कड सोडली होती. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

सर्जेरावनं त्याचं मनगट धरलं आणि दोघं पाण्यात उतरले. बाहेर पाणी मांड्यांना लागलं. सर्जेराव वाट चाचपत पुढं, धनपाल मागं. तरी विचारायचं ते त्यानं विचारलंच, मान न वळवता.

"माझ्यापाशी तिचं काळीज धावायचं. यंत्रात दिसलं. का, ते तुला सांगितलं असंल तिनं."

धनपाल पाणी कापत त्याच्या बरोबरीला आला. "एकतीसला दोन दिवस शाळेच्या गच्चीवर हुतो आमी. मी वर्धमानची वाट बघत हुतो, ती तुमची. तुमी म्हशींची दावी धरून गोठ्याच्या माळ्यावर. गच्चीवरनं तुमचा पत्रा दिसायचा. पाणी चढंल तसा कमी कमी दिसायचा."

"पर मी आलो की परत."

"तुमी आलासा. तिच्यासाठी तुमी कधी आलाच न्हाईसा, दादा. तुमी शेजारी झोपलासा तरी ती पत्रा बघत असायची. पाऊस आला की माझ्यापाशी तुमचंच लावायची. मला कंटाळा यायचा."

सर्जेराव चढाला लागला. मग म्हणाला, "मला सांगायचं हुतं तिनं."

"सांगितल्यालं की. तुमी गप पड म्हणालासा."

शाळेत पोचल्यावर अश्लेषानं धनपालला कोरडा टॉवेल दिला आणि सर्जेरावला चहा. बाळाक्का म्हणाली, "आणलंस व्हय कडं?" सर्जेराव म्हणाला, "आणलं." तेवढंच.

पाणी त्या रात्री एकोणीसची रेघ ओलांडून गेलं. माळावर माणसं पुरती होती.

सकाळी पाऊस जरा उघडला होता. व्हरांड्यात सगळे दाटीवाटीनं झोपले होते. धनपाल भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता. खळी तेवढी दिसत नव्हती. सर्जेराव त्याच्या शेजारी जागा होता, आणि त्याच्या हातात तिचं कडं धनपालपायी गरम होतं, त्याचं तिच्यापायी. त्याला धनपालविषयी माया वाटत नव्हती. एकतीसनंतरचे तिचे पावसाळे ह्या माणसाकडं होते, ते आता परत मिळणार नव्हते.

तो मुद्दाम उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. वरचं कडं हळूहळू निवलं. बरं वाटलं. आता ती नुसती त्याची होती.

पलीकडं धनपाल झोपेत चाळवला. त्याचा श्वास तुटक येऊ लागला. उजवा हात डाव्या मनगटाकडं गेला, काहीतरी शोधू लागला.

सर्जेराव बराच वेळ तिकडं बघत राहिला. मग त्यानं एक शिवी हासडली, हळूच, कुणी जागं होऊ नये इतकी, आणि उठून परत जाऊन त्याच्या शेजारी बसला.